शेवटचा पुरुष लादी पुसतो : बिनपुरुषांच्या जगाचा एक स्वस्तातला सिनेमा

टिनपाट_टॉकीज

शनिवारी घरात मी एकटाच होतो. आई, बायको आणि मुलगी, तिघी साताऱ्याला मावसबहिणीच्या मंगळागौरीला गेलेल्या. पोहे करायला घेतले तर मोहरी सापडेना. सतरा डबे उघडले. शेवटी फोन केला, तर मागे झिम्म्याचा दणदणाट आणि बायको ओरडतेय, 'कॉफीच्या डब्यात बघा!' कॉफीच्या डब्यात मोहरी. तर कॉफी कुठे असेल, हे विचारायचा धीर झाला नाही.

अशा मनःस्थितीत जो सिनेमा पाहिला त्याबद्दल हा धागा. नाव 'नो मेन बियाँड धिस पॉइंट'. कॅनडाचा, दिग्दर्शक मार्क सॉयर्स, २०१५ साली टोरांटो महोत्सवात दाखवला होता. गोष्ट अशी : पन्नासच्या दशकात बायकांना पुरुषाशिवाय मुलं व्हायला लागतात. पुढे मुलगे जन्माला यायचेच बंद होतात. आजच्या काळात पृथ्वीवरचा सगळ्यात तरुण पुरुष आहे ३७ वर्षांचा अँड्र्यू, आणि तो एका घरात घरकामाला आहे. स्वयंपाक, पोरींचं आवरणं, लादी. बाकीचे म्हातारे होत चाललेले पुरुष अभयारण्यात नेऊन ठेवतात. हो, अभयारण्यच. चांगली देखभाल वगैरे.

आता बजेट. यात यान नाही, लेझर नाही, चकचकीत शहर नाही. सगळा सिनेमा खोट्या माहितीपटाच्या रूपात आहे. एखादी तज्ज्ञ बाई खुर्चीत बसून बोलते, मध्येच जुन्या कृष्णधवल चित्रफिती, मग पुन्हा अँड्र्यू गंभीर चेहऱ्याने इस्त्री करतोय. पॅट्रिक गिलमोरने काम झकास केलंय, एकदाही 'बघा मी किती विनोदी' असं करत नाही. मला वाटलं, विज्ञानकथेतली सगळ्यात स्वस्त कल्पना हीच असेल. एलियन दाखवायचा तर रबर लागतं. पुरुष नाहीत हे दाखवायला काय लागतं? बोलवायचे नाहीत, बास.

पण एक गोष्ट खटकली आणि त्यासाठीच धागा काढतोय. बिनपुरुषांच्या जगाचा सिनेमा, आणि नायक पुरुष! जितके आठवतात त्या सगळ्यांत हेच. १९२४ चा 'द लास्ट मॅन ऑन अर्थ' हा मूकपट घ्या. त्यात 'मॅस्क्युलायटिस' नावाच्या रोगाने १४ वर्षांवरचे सगळे पुरुष मरतात, तरी गोष्ट उरलेल्या एकाचीच. बायकांच्या जगात बायकांचं एवढं काय काय चाललेलं असेल, आणि कॅमेरा आपला याच्या मागे. असं का? बजेटचा प्रश्न नाही हा.

---

उगाच

बायको माहेरी, सिनेमा रात्री, विषय पुरुष नामशेष. वहिनींना लिंक पाठवू का?

---

कढीपत्ता

मोहरी कॉफीच्या डब्यात कारण कॉफीचा डबा घट्ट बसतो आणि मोहरीला जाळी लागत नाही. कॉफी जुन्या बोर्नव्हिटाच्या बरणीत असणार. यात गूढ काही नाही, फक्त तुम्ही त्या जगाचे नागरिक नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तेच. नायक पुरुष लागतो कारण तो परका असतो. घर नवं असल्यासारखं कुणाला दाखवायचं? ज्याला डबे माहीत नाहीत त्याला. यंत्र कसं चालतं, मूल कसं होतं, सत्ता कुणाकडे, हे सगळं त्याला समजावून सांगायचं निमित्त करून प्रेक्षकाला सांगता येतं. थोडक्यात तो नायक नाही, पाव्हणा आहे.

---

रानभेंडी

जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे तोंड उघडणं भाग आहे.

पुरुषाशिवाय पिल्लं होणं ही कविकल्पना नाही. अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या वाळवंटी मुलखात व्हिपटेल सरड्यांच्या काही जाती पूर्ण माद्यांच्या आहेत. नर नाहीतच. तरीही त्यातली एक मादी नराचं सोंग करून दुसरीवर चढते आणि त्यामुळे अंडी जास्त येतात. (टॉकीज, यावर सिनेमा काढा.)

पण दिग्दर्शकाने 'नराशिवाय फक्त मुली' हे गृहीत धरलंय, ते सगळीकडे चालत नाही. २००६ साली इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयात फ्लोरा नावाच्या कोमोडो ड्रॅगन मादीने नराचं तोंड न पाहता अंडी घातली. पिल्लं निघाली ती सगळी नर! कारण त्यांच्यात लिंग ठरवणारी गुणसूत्रं आपल्या उलट असतात, दोन वेगळी असली की मादी, दोन सारखी असली की नर. म्हणजे ओसाड बेटावर एकटी मादी पोचली तर ती आधी मुलगे काढते. त्या जगातला सिनेमा वेगळाच होईल.

आपण सस्तन प्राणी. आपल्यात आईच्या दोन्ही प्रतींतून मुलगीच होईल हे खरं, पण ती होतच नाही. का? १९८४ साली केंब्रिजमध्ये अझीम सुरानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि त्याच वर्षी अमेरिकेत मॅकग्रा आणि सोल्टर यांनी उंदरांवर दाखवलं, की दोन्ही जनुकसंच आईकडूनच आले तर गर्भ वाढत नाही. काही जनुकांवर 'हे आईचं', 'हे बापाचं' अशी खूण असते. आईकडून आलेलं जनुक गप्प बसतं, बापाचं चालू असतं, किंवा उलट. दोघांच्या खुणा लागतात. ढोबळ सांगायचं तर बापाकडची काही जनुकं गर्भाला 'आणखी खा' म्हणत असतात आणि आईकडची 'पुरे' म्हणत असतात. घरोघरी बघा, चित्र उलटं असतं.

२००४ साली जपानमध्ये तोमोहिरो कोनो यांच्या गटाने या खुणांमध्ये खाडाखोड करून दोन आयांची उंदरीण जन्माला घातली. ४५७ अंड्यांवर खटपट केली तेव्हा एकच मोठी झाली. तिचं नाव ठेवलं कागुया, बांबूत सापडलेल्या मुलीच्या जपानी लोककथेवरून. पुढे तिला नेहमीच्या पद्धतीने पिल्लंही झाली.

तर पन्नासच्या दशकात आपोआप, सगळ्या जगात? नाही. सिनेमा म्हणून माफ.

---

टिनपाट_टॉकीज

@रानभेंडी, दंडवत. पण पन्नासचं दशकच का निवडलं असेल? एवढी बारीक माहिती दिग्दर्शक गंमत म्हणून तर टाकणार नाही.

---

रानभेंडी

दिग्दर्शकाच्या डोक्यात काय होतं ते माहीत नाही, पण त्याच दशकात एक खरी घटना घडलीय. १९५५ साली लंडनमध्ये हेलन स्परवे या जीवशास्त्रज्ञ बाईंनी गप्पी माशांतल्या नराविना जन्मांबद्दल व्याख्यान दिलं आणि माणसातही क्वचित असं होत असेल का, असा प्रश्न सोडला. एका इंग्रजी रविवारच्या वर्तमानपत्राने लगेच आवाहन छापलं : तुम्हाला पुरुषाशिवाय मूल झालंय का? १९ जणी पुढे आल्या! डॉक्टरांनी गाळत गाळत एक जोडी शेवटपर्यंत तपासली. रक्तगट जुळत गेले, पण आईची आणि मुलीची त्वचा एकमेकींना लावून पाहिली तेव्हा ती टिकली नाही. विषय बारगळला.

या स्परवे बाई म्हणजे जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या पत्नी. १९५७ साली दोघं भारतात आले आणि इथलेच झाले.

---

उगाच

१९ जणी वर्तमानपत्राकडे गेल्या, यात मला विज्ञानापेक्षा शेजारपाजार दिसतो. शेजारणींना काय सांगायचं याची सोय झाली.

---

व्हिस्तुलाकाठी

क्राकूवहून. इथे हा विषय काढला की कोणताही पोलिश माणूस तुम्हाला एकच नाव सांगेल : 'सेक्समिस्या'. नावावर जाऊ नका. १९८४ चा सिनेमा, दिग्दर्शक युलियुश माखुल्स्की. मी इथे आलो तेव्हा ऑफिसातल्या पहिल्याच पार्टीत तीन जणांनी त्यातली वाक्यं म्हणून दाखवली. आपल्याकडे 'अशी ही बनवाबनवी'चं जसं आहे तसं.

दोन पुरुष, मॅक्स आणि आल्बर्ट, १९९१ साली तीन वर्षांसाठी स्वतःला गोठवून घेतात. जाग येते २०४४ साली. जमिनीखाली बायकांचं राज्य. वर किरणोत्सर्ग आहे, पुरुष संपलेत आणि बरं झालं संपले, असं शाळेत शिकवतात. इतिहासही दुरुस्त केलाय : कोपर्निकस बाईच होती! हे वाक्य इथे आजही कुणी फार मोठी थाप मारली की म्हणतात.

आता रहस्यभेद करतो, चाळीस वर्षं झाली, कुणाला राग येऊ नये. शेवटी कळतं की वर किरणोत्सर्ग वगैरे काही नाही. हे दोघं बाहेर पडतात, उडणारा करकोचा दिसतो, आणि 'तो जगू शकतो तर आपणही' म्हणून मुखवटे काढतात. आणि या बायकांच्या राज्याच्या सर्वोच्च महोदया? त्या बाईच्या वेषातला पुरुष निघतात.

सन आठवा. पोलंडमधला लष्करी कायदा १९८३ च्या जुलैत उठला होता. जमिनीखाली कोंडलेली माणसं, बाहेर जग मेलंय असं सांगणारं सरकार, दुरुस्त केलेला इतिहास, आणि वर बसलेला जो आहे तो सांगतात तसा नाहीच. प्रेक्षक बायकांना हसत नव्हते हो. एका जागी वाट चुकलेला मॅक्स म्हणतो, 'पूर्वेकडे चला! तिथे नक्की काहीतरी संस्कृती असणार.' पूर्वेला कोण होतं ते सांगायला नको.

आणखी एक. लिफ्ट काही केल्या हलत नाही, वैतागून शिवी हासडतात, आणि तोच पासवर्ड निघतो. भाषांतर इथे देत नाही, संपादक बसलेत.

त्यातला मॅक्स करणारे येझी श्टूर २०२४ च्या जुलैत गेले. त्या आठवड्यात ट्राममध्येसुद्धा लोक त्यांच्याबद्दल बोलत होते.

टॉकीज, तुमच्या प्रश्नाला : इथे नायक पुरुष कारण बायकांचं राज्य हा मुळात बुरखाच आहे. सरकारवर सिनेमा काढता येत नव्हता म्हणून बायकांवर काढला.

---

कढीपत्ता

आणि हेच मला जाचतं. सरकारला हसायचं तरी आमच्याच नावाने? मी तो पाहिलाय, हसलेही. पण त्यातल्या बायका कशा, तर पुरुषाने एकदा जवळ घेतलं की त्यांचं सगळं तत्त्वज्ञान विरघळतं. बुरखा कुणाचा घेतला यालाही काही अर्थ असतो.

---

व्हिस्तुलाकाठी

मान्य. ही तक्रार इथेही आहे. माझी बायको पोलिश आहे, ती दर वेळी अर्ध्यात उठून जाते. शेवटच्या दहा मिनिटांना परत येते मात्र.

---

आजरा_घनसाळ

लोकहो, कॅनडा पोलंड काय घेऊन बसलाय? आपल्या आजीच्या देवघरात ही गोष्ट आहे. नवनाथ भक्तिसार, धुंडिसुत मालूचा, शके १७४१. चाळीस अध्याय. श्रावणात आमच्या गल्लीत अजून पारायण होतं.

स्त्रीराज्य. तिथे पुरुष नाही. मग मुलं कशी? मारुतीच्या भुभुःकाराने. मारुती गर्जना करतो, तो आवाज कानी पडला की बायका गरोदर राहतात, आणि पुरुष गर्भ टिकत नाही! रानभेंडी बाई, तुमच्या केंब्रिजवाल्यांना कळवा. ध्वनीने गर्भधारणा आणि फक्त मुली, दोन्ही कलमं एका ओवीत.

राणी मैनाकिनी मारुतीचीच आराधना करते. मारुती पडला ब्रह्मचारी, तो स्वतःच्या जागी मच्छिंद्रनाथांना पाठवतो. मच्छिंद्रनाथ तिथे रमतात, मीननाथ नावाचा मुलगा होतो. मग शिष्य गोरक्षनाथ त्यांना सोडवायला निघतो. आत पुरुषाला प्रवेश नाही म्हणून कलिंगा नावाच्या नर्तकीच्या ताफ्यात मृदंग वाजवायला शिरतो, आणि मृदंगातून बोल काढतो, 'चलो मच्छिंदर, गोरख आया'. गुरू नाइलाजाने निघतात, तर झोळीत सोन्याची वीट! ती गोरक्ष वाटेत फेकून देतो. आता मला सांगा, एवढी विनोदी पटकथा कुठल्या माखुल्स्कीने लिहिलीय?

आणि सिनेमा पण झालाय. १९३२, प्रभातचा 'माया मच्छिंद्र', तेव्हा प्रभात आमच्या कोल्हापुरातच. शांतारामबापूंचं दिग्दर्शन, गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ आणि दुर्गा खोटे राणी. राणीच्या शेजारी पाळलेला चित्ता. तो सिनेमा लो बजेट म्हणता येणार नाही, चित्त्याचं खाणंच किती असेल.

---

तिसरी_घंटा

अवांतर, पण चित्त्याच्या शेजारी दुर्गाबाई बसल्या याचं महत्त्व कळण्यासाठी त्याआधीची साठ-सत्तर वर्षं बघा. आपल्या रंगभूमीने या धाग्यातल्या सिनेमाच्या बरोबर उलटा प्रयोग करून दाखवलाय. बायका नसलेलं जग! शकुंतला पुरुष, सुभद्रा पुरुष, भामिनी पुरुष. गंधर्व शालू नेसून आले की बघायला आलेल्या बायका तो कसा नेसलाय हे टिपून घेत, घरी जाऊन तसाच नेसत. स्त्रीपार्ट करणारा नट हा त्या नाट्यगृहात 'बाई' कशी असावी हे बायकांना शिकवत होता.

तेव्हा सर्वोच्च महोदया पुरुष निघतात यात आम्हाला धक्का बसत नाही. आमच्याकडे तिकीटच त्याचं होतं.

---

टिनपाट_टॉकीज

@आजरा_घनसाळ, @तिसरी_घंटा, धागा वसूल. पण बघा, मच्छिंद्रनाथांच्या गोष्टीतही तेच. स्त्रीराज्य कसं चालतं, दुष्काळ पडला तर काय, चोरी झाली तर काय, याबद्दल एक ओळ नाही. गोष्ट आपली गुरुजी कसे अडकले आणि कसे सुटले याची.

बाकी 'लो बजेट'च्या बाजूनेही थोडं बोलायचं होतं. पन्नासच्या दशकात हॉलिवूडने बायकांच्या ग्रहांची रांगच लावली होती. 'कॅट-विमेन ऑफ द मून' (१९५३) मध्ये चंद्रावर निघालेल्या यानात चक्क ऑफिसातल्या खुर्च्या-टेबलं आहेत. चंद्रावर दोरीने हलणारा कोळी. 'क्वीन ऑफ आउटर स्पेस' (१९५८) मध्ये शुक्रावरच्या बायकांचे कपडे 'फॉरबिडन प्लॅनेट' या दुसऱ्याच सिनेमाचे उरलेले. तो सिनेमा गांभीर्याने घ्यायचा की नाही हे तो करणाऱ्यांनाही ठरवता आलं नसावं, आणि म्हणून अजून बघवतो. झा झा गाबोर शुक्रावरची शास्त्रज्ञ, पण बोलते अस्सल हंगेरियन हेल काढून.

या सगळ्यांत पुरुष यानातून येतात, ग्रहावर भांडण लावतात, राणीला हटवतात. कढीपत्ता म्हणतात तसे पाव्हणे, पण मुक्काम ठोकणारे.

---

कढीपत्ता

पुरुष पाव्हणा नसलेली एक गोष्ट आहे आणि ती आपल्याच देशातली. बेगम रुकैया सखावत हुसेन, 'सुलतानाज् ड्रीम', १९०५, मद्रासच्या एका स्त्रियांच्या इंग्रजी मासिकात छापून आलेली. पंधरा-वीस पानांत उरकते.

सुलताना आरामखुर्चीत पेंगते आणि स्त्रियांच्या देशात पोचते. पुरुष आहेत, पण मर्दान्यात बंद, पोरं आणि स्वयंपाक सांभाळतात. बायकांच्या एका विद्यापीठाने ढगांतून पाणी ओढून घ्यायची सोय केलीय, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवायची. शत्रू चालून आला तेव्हा पुरुष लढून हरले. मग बायकांनी साठवलेलं ऊन शत्रूवर सोडलं आणि लढाई संपली. स्वयंपाकही त्याच उन्हावर होतो. १९०५!

पण मला सर्वांत आवडतो तो एक हिशोब. सुलताना विचारते, तुम्ही ऑफिसचं काम आणि भरतकाम दोन्ही कसं उरकता? उत्तर मिळतं : आमचं ऑफिस दोन तासांत संपतं. पुरुष सात तास बसायचे, पण एक चिरूट जळायला अर्धा तास लागतो, आणि दिवसाला बारा चिरूट ओढले तर सहा तास नुसत्या धुरात जातात.

इथे पाव्हणी म्हणून कोण येते? बाईच. म्हणून ती जे विचारते ते वेगळं असतं. रस्त्यावर बुरख्याशिवाय चालताना लाजते, आणि तिथल्या बायका तिला म्हणतात, अगं तू पुरुषांसारखी भित्री दिसतेस. दहा वर्षांनी अमेरिकेत शार्लट पर्किन्स गिलमन यांनी 'हरलँड' लिहिलं, तेव्हा त्यांनाही तीन पुरुष विमानाने पाठवावे लागले. रुकैयांना गरज पडली नाही.

---

उगाच

बारा चिरूट. माझ्या ऑफिसात चिरूट नाही, पण चहाची टपरी आहे. गणित तेच येतं. हा प्रतिसाद काढून टाकणार होतो, राहू दे.

---

खळं

खूप दिवस नुसती वाचते, आज लिहिते. तुम्ही सगळे ग्रहांवर फिरून आलात, मी कणकवली तालुक्यातली आहे.

आमच्या गावात हा सिनेमा शंभर वर्षं चालू होता. पुरुष मुंबईत, गिरणीत. गावात म्हातारे, पोरं आणि बायका. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात १००० पुरुषांमागे ११०० हून जास्त बायका होत्या. आमच्या सिंधुदुर्गातही १००० च्या वरच. मुली काही जास्त जन्माला येत नाहीत हो. पुरुष गाडीत बसतात.

माझी आजी लावणी, कापणी, गुरं, सोसायटीचं कर्ज, भावकीतली कोर्टाची तारीख, सगळं बघायची. पोस्टमन मनीऑर्डर आणायचा, ती अंगठा उठवायची आणि त्याच्याकडूनच पत्र वाचून घ्यायची. म्हणजे नवरा-बायकोचं काय चाललंय ते सगळ्यात आधी पोस्टमनला कळायचं. तोच आमच्या अख्ख्या वाडीतला धडधाकट पुरुष.

आजी दोनच कामांना अडायची. एक नांगर. बाईने नांगराला हात लावायचा नाही, पाऊस पडत नाही म्हणे. मग मिरगात जोतासाठी खालच्या वाडीतल्या एका माणसाची मनधरणी. तो म्हातारा, एका डोळ्याने अधू, पण त्या पंधरा दिवसांत त्याचा रुबाब काय! तुमचा तो अँड्र्यू त्याच्यापुढे कोणी नाही. आठ घरांतून त्याला चहा, आणि प्रत्येक घर म्हणणार, आधी आमचा कोपरा कर. दुसरं काम शिमग्याची पालखी. खांदा पुरुषाचाच लागतो. त्यासाठी मात्र चाकरमानी सुट्टी काढून यायचे.

गणपतीला आजोबा यायचे. पाच दिवस. आजी दारातच म्हणायची, 'इलास? बसा.' पाट मांडायची, लोटा द्यायची. त्यांना घरात काय कुठे आहे ते ठाऊक नसायचं. समईचं तेल कुठे, पंचा कुठे, सगळं विचारायचे. कढीपत्तांनी 'पाव्हणा' म्हटलं तेव्हा मला तो पाटच आठवला.

आणि मग १९८२. जानेवारीत संप झाला. आधी वाटलं महिन्याभरात मिटेल. मिटला नाही. मे महिन्यात जे आले ते परत गेलेच नाहीत. तुमच्या सिनेमांत पुरुष नाहीसे होतात, आमच्याकडे ते परत आले. गावच्या गाव. ओटीवर बसलेले. घरात मनीऑर्डर बंद आणि खाणारं तोंड एक वाढलेलं. आजोबांना शेतातलं येत नव्हतं, ते साचेवाले. पन्नाशीत आजी त्यांना तरवा कसा काढायचा ते शिकवत होती, आणि ते मुकाट शिकत होते. आई सांगते, पहिल्या पावसात आजोबांनी स्वतः नांगर धरला तेव्हा आजी बांधावर उभी राहून सूचना देत होती आणि अख्खी वाडी बघायला जमली होती. बैल ऐकत होते आजीचं, नांगर होता आजोबांच्या हातात.

हे विनोदी आहे की नाही मला माहीत नाही. आई सांगताना हसते. आजी हसायची नाही.

---

टिनपाट_टॉकीज

@खळं, उभा राहून वाचलं. आधी का लिहीत नव्हता तुम्ही?

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक बैल ऐकत होते त्या वाक्यात आहे. मला सिनेमा बांधावरून बघायचाय.

---

रानभेंडी

+१. आणि त्या एका डोळ्याच्या जोतकऱ्यावर माझा जीव जडलाय.

---

आजरा_घनसाळ

मग काढूया की! लो बजेट म्हणताय ना? जागा खळंताईंची. यान नाही, एस.टी. आहे. साल सांगायचं नाही. एवढंच, की गेली वीस वर्षं एस.टी.तून कुणी पुरुष उतरलेला नाही. पोस्टमन रिटायर. मुलं कशी होतात?

---

उगाच

मारुतीच्या देवळातल्या लाउडस्पीकरने.

---

आजरा_घनसाळ

उगाच, आयुष्यात पहिल्यांदा कामाचं बोललास. भुभुःकार! पहाटे पाचला लाउडस्पीकर लागतो आणि वाडीतल्या सुना कानात कापूस घालून झोपतात. कापूस हेच कुटुंबनियोजन.

---

तिसरी_घंटा

संवाद मी लिहिते. पण एक अट. शेवटच्या पुरुषाचं काम करायला 'चेहरा' वगैरे शोधू नका. तो वाडीच्या मागच्या बाजूला असेल, दिसेल फक्त नांगरामागे, पाठमोरा. आणि दर मिरगाला त्याच्यावरून बायकांची जी भांडणं होतात, सिनेमा त्यांचा.

---

खळं

घर देते. बैल आता नाहीत, पॉवर टिलर आहे. तो मीच चालवते, पाऊस पडतो. गणपती झाल्यावर या, त्याआधी चिखल असतो. आणि जेवणाचे पैसे वेगळे घेईन, गोडबोलून फुकट शूटिंग करून जाणारे मी बघितलेत.

---

व्हिस्तुलाकाठी

पोलिश उपशीर्षकं माझ्याकडे. शिव्या असतील तर बायकोकडे.

---

टिनपाट_टॉकीज

ताजी बातमी. साताऱ्याची मंडळी काल परत आली. आईला सगळा धागा वाचून दाखवला. खळंताईंच्या आजीपाशी तिने मला थांबवलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचायला लावलं.

मग मी म्हटलं, आई, आम्हाला शेवटच्या पुरुषासाठी नट मिळत नाहीये, पाठमोरा चालेल. तर ती म्हणाली, 'नट कशाला? मी करते की.' मला वाटलं थट्टा. तर बायकोने मोबाइलवर परवाच्या मंगळागौरीचा व्हिडिओ लावला. रात्रीचे दोन वाजलेत, पिंगा संपलाय, आणि माझी ६८ वर्षांची आई बाबांचा जुना सदरा घालून, डोक्याला मुंडासं बांधून खुर्चीत पाय पसरून बसलीय. 'अगं माझा चष्मा कुठाय? अगं मोहरी कुठाय?' असं माझ्याच आवाजात ओरडतेय. समोर चाळीस बायका लोळताहेत. माझा फोन येऊन गेल्यावर दहा मिनिटांनी हा प्रयोग झाला होता म्हणे. ती गेली तीस वर्षं प्रत्येक मंगळागौरीत हे सोंग करते. घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मानधन नको म्हणाली. अट एकच : मिशी काजळाची, चिकटवायची नाही. चिकटवलेल्या मिशीने हसता येत नाही.